‘गाडीवरून घसरून पडला’: अपघातानंतर जखमीची भरपाई कुठे मिळते, कुठे बुडते

केसपेपरवर डॉक्टरांनी एवढंच लिहिलं होतं: ‘गाडीवरून घसरून पडला’. सांगणारा पेशंटचा मित्र, पेशंट बेशुद्ध. खरं तर मागून आलेल्या मोटारीने त्याला उडवलं होतं. पण मित्राच्या डोक्यात भीती अशी की मोटारीचं नाव काढलं तर पोलीस केस होईल आणि पोलीस येईपर्यंत डॉक्टर हात लावणार नाहीत. म्हणून त्याने आपल्या परीने गोष्ट सोपी करून सांगितली. पुढे भरपाईचा दावा उभा राहिला, तेव्हा विमा कंपनीच्या वकिलांनी उलटतपासात सर्वांत आधी तोच कागद पुढे केला. ‘मोटार होतीच कुठे?’

मी सातारा भागात मोटार अपघाताचे दावे चालवते. पक्षकारांना वाटतं निकाल कोर्टात लागतो. मला विचाराल तर निम्मा निकाल पहिल्या आठवड्यातच लागून गेलेला असतो, आणि त्या आठवड्यात जखमी माणूस खाटेवर पडलेला असतो. म्हणून हे मार्गदर्शन त्याच्यासाठी कमी आणि त्याच्यासाठी धावपळ करणाऱ्या भावासाठी, बायकोसाठी, मेहुण्यासाठी जास्त आहे.

दवाखान्याच्या दारात

१०८ ला फोन करा, पोलिसांसाठी ११२. अपघातातल्या जखमीवर उपचार करायला कुठलाही दवाखाना ‘आधी पोलीस आणा’ म्हणून नकार देऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलं आहे. जखमीला उचलून आणणाऱ्या परक्या माणसालाही घाबरायचं कारण नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४अ त्याला संरक्षण देतं, आणि स्वतःचं नाव-पत्ता सांगायची सक्ती त्याच्यावर नाही.

खर्चासाठी मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस उपचार योजना आहे. रस्ते अपघातातल्या जखमीला नेमून दिलेल्या रुग्णालयात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. चूक कोणाची, विमा होता की नव्हता, हे त्यासाठी पाहिलं जात नाही. प्रत्यक्षात काउंटरवरच्या मुलाला या योजनेचं नाव माहीत असेलच असं नाही. अशा वेळी काउंटरवर न भांडता थेट रुग्णालयाच्या प्रशासनाकडे जा आणि ‘रस्ते अपघात कॅशलेस योजनेत नोंद करा’ असं लेखी मागा.

आता त्या केसपेपरकडे वळू. डॉक्टर विचारतात ‘काय झालं?’ आणि उत्तर दोन ओळींत लिहून टाकतात. त्या दोन ओळींत चार गोष्टी आल्याच पाहिजेत: कधी, कुठे, कोणत्या वाहनाने, आणि जखमी कोणत्या वाहनावर किंवा वाहनात होता. नंबर ठाऊक नसेल तर ‘अज्ञात मोटारीने धडक दिली’ असं सांगा, पण मोटार गाळू नका. एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर नोंद, झाली का ते विचारा आणि तिचा नंबर लिहून ठेवा. चुकीची नोंद होऊन गेलीच असेल, तर दुसऱ्याच दिवशी रुग्णालयाला आणि पोलिसांना खरी हकीगत लेखी द्या आणि पोचेवर शिक्का घ्या. दोन दिवसांत केलेली दुरुस्ती कोर्ट समजून घेतं. दोन वर्षांनी केली तर ती बनवाबनवी वाटते.

जुन्या रुग्णालयातून नव्या रुग्णालयात हलवलं की पहिल्याचे कागद तिथेच राहतात. ते आणा. दावा टिकतो तो बहुतेक वेळा त्या पहिल्या, धाब्यालगतच्या छोट्या दवाखान्याच्या चिटोऱ्यावर.

पोलीस ठाण्यात

इथे नेहमी एक गोष्ट घडते. समोरच्या गाडीचा मालक धडधाकट असतो, तो आधी पोहोचतो आणि आपली हकीगत सांगून मोकळा होतो. जखमीचे घरचे तीन दिवसांनी जातात तेव्हा कळतं की फिर्याद जखमीवरच दाखल आहे, ‘राँग साइडने आला’ म्हणून. त्यामुळे एक माणूस रुग्णालयात थांबला की दुसऱ्याने ठाण्यात गेलंच पाहिजे. घटना दुसऱ्या हद्दीतली असली तरी कोणत्याही ठाण्यात एफआयआर देता येतो, ते ठाणं कागद योग्य ठिकाणी पाठवतं. मोठ्या सरकारी रुग्णालयांत पोलीस चौकी असते, तिथेही जबाब घेतात. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. दाखलच करून घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी तक्रार पाठवा, आणि तिथेही दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो.

बेदरकारपणे वाहन चालवण्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ लागतं, दुखापत आणि जबर दुखापतीसाठी कलम १२५. हाड मोडलं असेल तर ती जबर दुखापत. साध्या दुखापतीचं पोटकलम लावलं असेल तर एक्स-रे अहवाल देऊन दुरुस्ती करायला सांगा.

मग घटनास्थळाचा पंचनामा. माझ्या मते अख्ख्या फाइलमधला हा सर्वांत मोलाचा कागद, आणि नेमका याच वेळी जखमीच्या बाजूचं कोणीही तिथे हजर नसतं. एका पंचनाम्यात मी वाचलं होतं: ‘रस्त्यावर काचांचा सडा पडलेला दिसतो’. काचा कुठे पडल्या होत्या? डाव्या पट्ट्यात, दुभाजकाजवळ की साइडपट्टीवर? लिहिलेलंच नाही. काचा, ब्रेकचे ओरखडे, रक्ताचे डाग आणि तुटलेला बंपर यांच्या जागेवरून धडक कोणाच्या बाजूला झाली ते ठरतं. शक्य असेल तर पंचनाम्याला हजर राहा. नसेल तर त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढा. आधी लांबून, म्हणजे फोटोत मैलाचा दगड, धाब्याची पाटी असं काहीतरी ओळखीचं येईल, मग जवळून. दोन्ही गाड्यांच्या नंबरप्लेट आणि ठोकर बसलेला भाग घ्या.

सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. पेट्रोल पंप, हॉटेल, टोलनाका, ज्याचा कॅमेरा रस्त्याकडे आहे त्याला आणि तपास अधिकाऱ्याला चित्रण जपून ठेवण्याबद्दल लेखी द्या. नुसती व्हॉट्सअॅपवर आलेली क्लिप कोर्टात पुरत नाही. ते चित्रण ज्याच्या ताब्यातलं, त्याचं भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं.

आणि ठाण्याच्या आवारातली ती ओळखीची तडजोड: ‘पन्नास हजार घ्या, मिटवून टाका, पोरगं गरीब आहे.’ पैसे घ्यायचे की नाही हा तुमचा प्रश्न. पण ‘माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही, चूक माझीच होती’ अशा कागदावर सही केली, तर पुढे विमा कंपनी तो कागद बाहेर काढते. भरपाई त्या गरीब पोराच्या खिशातून जातच नसते, बहुतेक वेळा ती विमा कंपनी देते. हे त्यालाही सांगा, म्हणजे तोही ताठरपणा सोडतो.

१ एप्रिल २०२२ पासून पोलिसांवर एक नवी जबाबदारी आहे. अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत त्यांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला, म्हणजे भरपाईचे दावे चालवणाऱ्या कोर्टाला, व विमा कंपनीला द्यायचा असतो. पहिला अहवाल नमुना १ मध्ये, सविस्तर अहवाल नमुना ७ मध्ये. जखमीला त्याच्या हक्कांची माहिती देणारा नमुना २ सुद्धा पोलिसांनीच द्यायचा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद खटल्यात यासाठी तपशीलवार आदेश दिले. सगळ्याच ठाण्यांत हे वेळेत होतं असं मी म्हणणार नाही. पण नमुन्याचा नंबर घेऊन विचारणाऱ्या माणसाला टोलवणं जरा जड जातं.

भरपाई द्यायची कोणी?

दाव्यात साधारण तीन जाबदेणार, म्हणजे ज्यांच्याकडून भरपाई मागायची ते, असतात: धडक देणाऱ्या वाहनाचा चालक, मालक आणि त्या वाहनाची विमा कंपनी. विमा कोणाकडे आणि चालू आहे का, हे गाडीच्या नंबरवरून एम-परिवहन अॅपवर दिसतं. अपघाताच्या दिवसाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. दुसऱ्याच दिवशी विमा काढून आणणारे मालकही मी पाहिले आहेत, पण पॉलिसीवर सुरू झाल्याची वेळसुद्धा छापलेली असते.

एसटीने धडक दिली तर विमा कंपनी शोधत बसू नका. एसटी महामंडळाला विम्यातून सूट आहे, ते आपल्या निधीतून भरपाई देतं, त्यामुळे दावा थेट महामंडळावर.

तुम्ही मोटारीत बसला होता आणि चूक तुमच्याच चालकाची होती, तर पॉलिसी नीट वाचा. बहुतेक लोक इथेच फसतात. खासगी मोटारीची फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल, तर आत बसलेला पाहुणा तिच्यात येत नाही. पॅकेज पॉलिसी, जिला लोक ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात, तिच्यात येतो. दुचाकीवर मागे बसणाऱ्याचंही तसंच. लग्नाला मित्राच्या गाडीतून निघालेल्या चार जणांचं नशीब अशा वेळी त्या मित्राने प्रीमियममध्ये वाचवलेल्या काही हजारांवर ठरतं. मात्र चूक दोन्ही गाड्यांची असेल, तर आत बसलेल्याला पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाकडूनही मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये खेन्येई खटल्यात तसं सांगितलं आहे. त्या दोघांचा आपसातला हिशेब जखमीने करत बसायचा नाही.

चूक पूर्ण तुमचीच आणि गाडीही तुमचीच असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ चा, म्हणजे दुसऱ्याची चूक दाखवून भरपाई मागण्याचा, दावा होत नाही. पण मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा घेतला असेल तर तो पाहा. तो मृत्यू आणि ठरावीक कायमच्या अपंगत्वासाठी आहे. एक हात, एक पाय किंवा एका डोळ्याची दृष्टी गेली तर निम्मी रक्कम, दोन अवयव गेले तर पूर्ण. नुसत्या मोडलेल्या हाडाला त्यात काही मिळत नाही.

चालकाकडे लायसन्स नव्हतं, म्हणून कंपनी हात झटकते. हे ऐकून लोक दावाच सोडून देतात. सोडू नका. अशा अनेक दाव्यांत न्यायाधिकरण कंपनीला आदेश देतं की जखमीला आधी रक्कम द्या, मग मालकाकडून वसूल करा. शिवाय ७,५०० किलोपर्यंतच्या वाहतुकीच्या वाहनाला हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं आहे. त्यामुळे टेम्पोच्या बाबतीतला कंपन्यांचा जुना आक्षेप आता चालत नाही.

गाडी पळून गेली आणि तपास करूनही सापडली नाही, तर ‘हिट अँड रन’ची वेगळी योजना आहे: जबर दुखापतीला ५० हजार, मृत्यूला २ लाख. त्यासाठी न्यायाधिकरणात जायचं नाही. अपघात झाला त्या तालुक्याच्या किंवा उपविभागाच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसील कार्यालयात, अर्ज करायचा. रक्कम तुटपुंजी आहे, पण कित्येक लोक तीही मागत नाहीत.

मुदत आणि कुठे दाखल करायचं

कलम १६६ खालचा दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायचा असतो. १ एप्रिल २०२२ पूर्वी अशी मुदत नव्हती, त्यामुळे ‘अहो, कधीही करता येतो’ असं सांगणारे अजूनही भेटतात. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन सांगितलं की केवळ मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत. ज्याची मुदत उलटली आहे त्याने या आदेशाच्या आधारे दावा जरूर दाखल करावा. ज्याची उलटलेली नाही त्याने मात्र असा आदेश अस्तित्वातच नाही असं समजून वागावं. व्याजही साधारण दावा दाखल केल्याच्या तारखेपासून धरलं जातं, म्हणजे उशीर केलात तर तेवढं व्याजही गेलं.

दावा अपघाताच्या ठिकाणी, जखमी राहतो किंवा व्यवसाय करतो तिथे, किंवा जाबदेणार राहतो तिथे करता येतो. कामाला पिंपरीत असलेला आणि खंबाटकीत अपघात झालेला माणूस पुण्यातही दावा करू शकतो, साताऱ्यातही. कुबड्या घेऊन तारखांना कुठे यायला जमेल ते पाहून ठरवा.

चूक सिद्ध करणं अशक्य वाटत असेल, तर कलम १६४ आहे: जबर दुखापतीला अडीच लाख, मृत्यूला ५ लाख, चुकीचा प्रश्नच नाही. रक्कम ठरलेली, वाद कमी. किरकोळ अपंगत्व आणि कच्चा पुरावा असेल तर हा मार्ग शहाणपणाचा. कमावत्या माणसाचा हात किंवा पाय कायमचा अधू झाला असेल तर अडीच लाखांवर भुलू नका. का, ते पुढच्या हिशेबात दिसेल.

रक्कम ठरते कशी

एक गवंडी घेऊ. वय ३४, महिन्याला १८,००० कमावणारा. मोटारीच्या धडकेत उजवं मनगट चुरडलं. प्लेट बसली, पण मनगट वळत नाही आणि मूठ आवळत नाही. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या दाखल्यावर उजव्या हाताचं ३० टक्के अपंगत्व. विमा कंपनी म्हणते, हे एका हाताचं झालं, पूर्ण शरीराचं धरलं तर फार तर १० टक्के.

वर्षाचं उत्पन्न २,१६,०००. त्यात पुढे वाढू शकणाऱ्या कमाईपोटी ४० टक्के मिळवायचे, कारण प्रणय सेठी खटल्याच्या २०१७ च्या निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाला एवढी वाढ धरतात. झाले ३,०२,४००. वय ३१ ते ३५ या गटाला सरला वर्मा खटल्याच्या २००९ च्या तक्त्यात गुणक, म्हणजे वर्षाच्या नुकसानीला ज्याने गुणायचं तो आकडा, १६ आहे. कंपनीचं ऐकून १० टक्के धरले तर ३०,२४० गुणिले १६, म्हणजे ४,८३,८४० रुपये.

पण खरा प्रश्न असा की हा माणूस थापी धरू शकतो का? पाटी उचलू शकतो का? सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार खटल्यात हेच सांगितलं. दाखल्यावरचा टक्का म्हणजे कमाई गमावल्याचा टक्का नव्हे. हात गेलेल्या सुताराचं किंवा ड्रायव्हरचं जवळपास सगळंच जातं, सरकारी कारकुनाचं तसं नाही. आपल्या गवंड्याची कमाई ४० टक्क्यांनी घटली असं कोर्टाला पटलं, तर १,२०,९६० गुणिले १६, म्हणजे १९,३५,३६०. दाखला तोच, मनगटही तेच. फरक साडेचौदा लाखांचा, आणि तो पडतो तुम्ही त्याचं काम कोर्टासमोर किती नीट मांडलंत यावर.

ही फक्त भविष्यातल्या कमाईची बाब. तिच्यात उपचाराच्या काळात बुडालेली मजुरी मिळवायची, आठ महिने धरले तर १,४४,०००. मग औषधं, ऑपरेशन, प्रवास, पथ्याचं खाणं, सोबतीला राहिलेल्या माणसाचा खर्च, पुढे प्लेट काढायच्या ऑपरेशनचा खर्च, वेदना, आणि आयुष्यातलं जे आता करता येत नाही त्याबद्दलची रक्कम. सोबतीला बायको किंवा आई राहिली, पगारी माणूस ठेवला नाही, तरी त्या श्रमाला मोल आहे. मागायचं विसरू नका.

गुणक वयाप्रमाणे उतरतो: १५ ते २५ ला १८, ३६ ते ४० ला १५, ४६ ते ५० ला १३, ५६ ते ६० ला ९, पासष्टीपुढे ५. कायम नोकरी असेल तर चाळिशीच्या आत भविष्यातली वाढ ५० टक्के धरतात.

उत्पन्न आणि अपंगत्व दाखवायचं कसं

पगारदाराचं सोपं: पगारपत्रक, फॉर्म १६, बँक पासबुक, रजेचा हिशेब. बाकीच्यांना शोधाशोध करावी लागते. गवंड्यासाठी मुकादमाची वही आणि मुकादमाची साक्ष, ठेकेदाराने फोनवर पाठवलेल्या पैशांच्या नोंदी. शेतकऱ्यासाठी सातबारा आणि आठ-अ, ऊसबिलं, डेअरीच्या दुधाच्या पावत्या. नुसता सातबारा पुरत नाही, कारण कंपनी म्हणते जमीन जागेवरच आहे. मग आता नांगरट भाड्याने करून घ्यावी लागते, गडी लावावा लागतो, हे पावतीनिशी दाखवायचं. भाजीवाली, शिवणकाम करणारी, घरचं सांभाळणारी, सगळ्यांच्या कामाला उत्पन्न धरलं जातं. गृहिणीच्या श्रमाचं मोल सर्वोच्च न्यायालयाने कीर्ती खटल्यात २०२१ मध्ये पुन्हा ठासून सांगितलं आहे. ‘ती काही करत नाही, घरीच असते’ असं वकिलासमोरही म्हणू नका.

अपंगत्वाचा दाखला उपचार संपल्यावर घ्या, आधी नको, कारण जखम स्थिरावलेली नसते. आणि दाखला नुसता फाइलला जोडून भागत नाही. कंपनीने तो मान्य केला नाही तर देणारा किंवा उपचार करणारा डॉक्टर साक्षीला यावा लागतो. डॉक्टरांना वेळ नसतो, समन्स काढावं लागतं, तारखा जातात. म्हणून शक्य तिथे ज्याने ऑपरेशन केलं त्याच्याशी आधीच बोलून ठेवा, आणि मनगट किती अंश वळतं आणि त्यामुळे काय जमत नाही, हे जखमीच्या कामाच्या भाषेत नोंदवून घ्या.

बिलं मूळ प्रतीत ठेवा. थर्मल कागदावरच्या मेडिकलच्या पावत्या वर्षभरात पांढऱ्या होतात, लगेच झेरॉक्स काढा. मेडिक्लेमकडे मूळ बिलं द्यावी लागली तर शिक्का मारलेल्या प्रती मागून घ्या. ‘मेडिक्लेमने दिलं ना, मग पुन्हा कशाला’ हा युक्तिवाद मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने मार्च २०२५ मध्ये नाकारला. मेडिक्लेमची रक्कम ही जखमीने स्वतः भरलेल्या हप्त्याचं फळ, ती भरपाईतून वजा होत नाही.

कोर्टात

अर्ज दाखल, नोटिसा, कंपनीची कैफियत (लेखी उत्तर), मुद्दे (वादाचे प्रश्न), सरतपास (आपल्या वकिलाने घेतलेली साक्ष), उलटतपास, युक्तिवाद. दोन-तीन वर्षं मनात धरून चला. इथे फौजदारी खटल्यासारखं ‘संशयापलीकडे’ काही सिद्ध करायचं नसतं, काय घडल्याची शक्यता अधिक आहे हे पाहतात. त्यामुळे फौजदारी खटल्यात चालक सुटला तरी दावा आपोआप पडत नाही. उलट त्याने मॅजिस्ट्रेटसमोर गुन्हा कबूल करून दंड भरला असेल, तर ती नक्कल आधी मिळवा.

उलटतपासात ठरलेले प्रश्न येतात. हेल्मेट होतं का? दुचाकीवर तिघे होतात का? खोटं बोलू नका. दुचाकीवर तिघे होते एवढ्यावरून जखमीची चूक धरता येत नाही, त्यामुळे अपघात घडला हे कंपनीने दाखवलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मोहम्मद सिद्दीक खटल्यात म्हटलं आहे. खरं सांगितलेला नियमभंग कोर्ट पचवतं. पकडलं गेलेलं खोटं बोलणं नाही पचवत, मग बाकीची साक्षही गढूळ होते.

सुरुवातीच्या त्या ‘घसरून पडला’चं काय झालं? १०८ च्या रुग्णवाहिकेच्या नोंदीचा कागद मागवला. त्यात वेळ, जागा आणि ‘कार-दुचाकी धडक’ असं लिहिलेलं निघालं. मग त्या मित्राला साक्षीला उभं केलं. हात कठड्यावर ठेवून तो म्हणाला, ‘मीच तसं सांगितलं होतं, साहेब. घाबरलो होतो.’ दावा मंजूर झाला. पण त्या एका ओळीपायी समन्स, नोंदी आणि जास्तीची साक्ष यांत वर्ष गेलं.

लोकअदालतीत दावा ठेवला की कंपनी आकडा सांगते. तिथला निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही. जायच्या आधी वरच्यासारखा हिशेब कागदावर मांडून न्या. चुकीबद्दल वाद असेल, पुरावा पातळ असेल आणि आकडा तुमच्या हिशेबाच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास असेल, तर मी पक्षकाराला घ्या म्हणते. उपचार अजून चालू असतील तर कितीही मोठा आकडा असो, थांबा म्हणते. डोक्याला मार असेल तर विशेषच.

वकिलाबद्दल आमच्याच लोकांविरुद्ध बोलते. मिळणाऱ्या रकमेतला टक्का ठरवून फी घेणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, तरी ते सर्रास चालतं. फी आकड्यात ठरवा, पावती घ्या. कोरा चेक, कोरा स्टॅम्पपेपर देऊ नका. वॉर्डात येऊन ‘क्लेम करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला वकीलपत्रावर सही देऊ नका. पैशांची अडचण असेल तर प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

पैसे हातात येताना

निवाड्यानंतर ३० दिवसांत रक्कम द्यायची असते. कंपनी अपिलात गेली तर तिला ९० दिवस असतात आणि अपिलासाठी २५,००० किंवा निवाड्याच्या निम्मी, यांतली कमी असेल ती रक्कम भरावी लागते. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या लोकांना आता अपिलासाठी मुंबईच्या चकरा नाहीत, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे. रक्कम कमी मिळाली असं वाटलं तर तुम्हीही अपील करू शकता. वसुली होत नसेल तर न्यायाधिकरणाकडून दाखला घेऊन जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी ती जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल करता येते.

बँक खातं जखमीच्या एकट्याच्या नावावर हवं, पॅन जोडलेलं. न्यायाधिकरण बऱ्याचदा काही भाग हातात देतं आणि बाकीचा मुदत ठेवीत ठेवायला सांगतं, विशेषतः अल्पवयीन मुलांचा आणि न शिकलेल्या माणसांचा. लोकांना ते जाचक वाटतं. पण निकालाच्या बातमीबरोबर घरात उगवणारे पाहुणे मी पाहिलेत, आणि ठेवीची पावती अशा वेळी बरी पडते. मधेच ऑपरेशनसाठी पैसे लागले तर डॉक्टरांचं अंदाजपत्रक जोडून त्याच न्यायाधिकरणाकडे ठेव मोडायचा अर्ज करा.